सीटची झडती

आमच्या दुकानात दुरुस्त झालेली गाडी मालकाच्या ताब्यात अशीच देत नाहीत. आधी तिची झडती होते. हा नियम अब्बांचा, आणि अब्बांचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सकाळी अकराच्या आत गाडी शेडमधून ढकलत उन्हात आणायची, चारी दारं सताड उघडायची, मालकाला आत बसवायचं आणि म्हणायचं, शोधा ओरखडा. आधी डोळ्यांनी शोधायचा, मग डोळे मिटून बोटानं. सापडला तर अब्बा तिथल्या तिथं रंग खरवडून काम पहिल्यापासून धरतात. नाही सापडला तर चहा. मालकाला वेळ नसला तर त्याच्या वतीनं बायको, ड्रायव्हर, शेजारचा पंक्चरवाला, कुणीही बसलं तरी चालतं. शोधणाऱ्याची नजर खरी असली म्हणजे झालं.

दुकान विजापूर रोडला, सैफुलच्या अलीकडं. पाटीवर ‘चांद सीट मेकर’. अब्बांचं नाव चांदसाब. मी सना, त्यांची एकुलती एक मुलगी. बी.कॉम. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत म्हणून दुकानात बसायला लागले, त्याला सहा वर्षं झाली. नोकरी लागली नाही आणि नंतर मीच शोधायची सोडली, कारण मला लेदरचा नाद लागला. नातेवाईक अम्मीला विचारतात, पोरीला हे काय शिकवताय. अम्मी सांगते, पोरगी कुणाचं ऐकते का.

रेग्झिनच्या सीटा सोलापुरात चिक्कार जण शिवतात. पण महागड्या गाडीतल्या खऱ्या लेदरवर बारीक ओरखडा आला, की लोक अब्बांकडे येतात. नवीन सीट घाला असं अब्बा कधी म्हणत नाहीत. ओलसर फडक्यानं मळ काढायचा, ओरखड्याच्या काठाला उभे राहिलेले तंतू पॉलिश पेपरनं बसवायचे, मग फिलर. तोसुद्धा पातळ, सुरीच्या टोकावर मावेल इतकाच. वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा भरायचा. मग रंग मिसळून स्पंजनं टिपत टिपत त्याचे तीन हात, आणि शेवटी सगळ्यावर एक पारदर्शक थर. घाई करणाऱ्याला हे काम जमत नाही. मी जन्माची उतावळी, म्हणून मला शिकायला चार वर्षं लागली.

अब्बांचं बोट म्हणजे काय सांगू. त्यांनी भरलेला ओरखडा डोळे मिटून शोधून दाखवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. रंगाचंही तसंच होतं. बाटल्यांवरचे नंबर ते बघत नसत. सीटकडे एकदा बघायचे, झाकणात चार थेंब पाडायचे आणि काडीनं ढवळायचे. बस्स, तोच रंग. होतं, असं म्हणतेय, कारण मागच्या बकरी ईदच्या आठवड्यात त्यांचा रंग पहिल्यांदा चुकला.

राखाडी सीट होती. अब्बांनी रंगाचा शेवटचा हात मारला आणि जुहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजाला गेले. मी जवळ जाऊन बघितलं तर ओरखडा गेला होता आणि त्याच्या जागी निळसर रेघ आली होती. मला वाटलं, घाईत झालं असेल. पिवळ्याचा एक थेंब, तांबड्याचा जरासा, असं करून मी स्पंजनं वरून टिपलं. अब्बा आले, त्यांनी पारदर्शक थर मारला, दुसऱ्या दिवशी झडतीत मालकाला काही सापडलं नाही. अब्बा खूश झाले, मीही खूश. पुढच्या गाडीला तेच झालं, त्याच्या पुढच्या गाडीलाही.

अब्बा नमाजाला गेले की मला चाळीस मिनिटं मिळत. तेवढ्यात मी रंग बदलून, स्पंज धुऊन, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं पाटावर बसलेली असे. अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप बस. मी गप बसले. माझ्यासारखी तोंडाळ पोरगी सात महिने गप बसली, यावरून समजा मला अब्बांचं किती वाटतं ते.

दिवाळीच्या सुमारास मी त्यांना ओढतच डोळ्यांच्या शिबिरात नेलं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आला होता, उजव्यातही धरला होता. डॉक्टरांनी अब्बांना ऑपरेशन करून घ्या एवढंच सांगितलं. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, की फार थांबलात तर आतला दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही नजर परत येणार नाही. मी ते अब्बांना शब्दशः सांगितलं. अब्बा म्हणाले, सुई ओवतोय की मी. ते सुई जिभेनं ओवतात, डोळ्यानं नाही, हे मला माहीत होतं. तेही सांगितलं, तर दोन दिवस बोलले नाहीत.

त्यांच्या भीतीचं कारण वेगळंच होतं. अब्बांचे उस्ताद अक्कलकोटचे मडिवाळप्पा, जीपचे कापडी टप शिवणारे. त्यांनी म्हातारपणी मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं आणि दुकानात येऊन म्हणाले, चांद, सगळं निळं दिसतंय मला. त्यानंतर त्यांनी रंगाला हात लावला नाही. अब्बांनी तेव्हापासून पक्कं धरलं, की ऑपरेशन केलं की दिसायला लागतं, पण रंगाची नजर जाते. आणि रंगाची नजर गेली तर चांदसाब कशाला राहतील? हे ते मोठ्यानं कधी म्हणाले नाहीत, पण मला ऐकू येत होतं. शिवाय ते ऑपरेशन करतील तरी कशासाठी? झडतीत तर एकही ओरखडा सापडत नव्हता.

ही माझी करणी होती. सीटांचे रंग मी सुधारत होते आणि अब्बांच्या डोळ्यांची वाट लावत होते. मागच्या आठवड्यात सात रस्ता चौकात त्यांना डावीकडून आलेली रिक्षा दिसली नाही. कोपराला खरचटलं, इतकंच. घरी येऊन म्हणाले, रिक्षावाले आजकाल बघत न्हायत. मी त्यांच्या कोपराला हळद लावली आणि त्याच वेळी ठरवलं, की आता पुढच्या गाडीला मी हात लावणार नाही.

पुढची गाडी मुकुंद सरांची निघाली, म्हणजे नशीबच उघडलं असं मला वाटलं. मुकुंद सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. रिटायर होऊन त्यांना दहा वर्षं झाली असतील. आठवीत त्यांनी माझं झाडाचं चित्र परत केलं होतं, बाटलीतला हिरवा झाडाला नसतो म्हणून. वर्गासमोर. रंगाच्या बाबतीत हा माणूस कुणाची भीडभाड ठेवत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

गाडी त्यांच्या मुलीची, ज्ञानदाची. तिनं नवी घेतली आणि जुनी वडिलांना दिली. आत बिस्किटाच्या रंगाचं लेदर, नव्यासारखं ठेवलेलं. सर मागच्या सीटवर चित्राचा लाकडी स्टँड टाकून हिप्परग्याच्या तलावावर जायचे, त्या स्टँडच्या नटानं सीटवर तीन ओरखडे पाडले. त्यात त्यांच्या पत्नीनं, गोदावरीबाईंनी, ज्ञानदा यायच्या आत झाकलं जावं म्हणून ओरखड्यांना खोबरेल चोळलं. ओरखडे काळे पडले आणि वर माशा बसायला लागल्या. सर हे सगळं सांगत होते आणि गोदावरीबाई आमच्या शेडच्या पत्र्याकडे बघत होत्या. अब्बा गंभीरपणे म्हणाले, तेल काढायला एक दिवस जास्त लागेल.

तेल काढलं. फिलरचे चार थर झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी अब्बांनी झाकणात रंग मिसळला, तीन हात मारले, सव्वाला हात धुतले आणि टोपी घालून मशिदीकडे निघाले.

शेडच्या दारातून ऊन मागच्या सीटवर पडलं होतं. बिस्किटाच्या रंगावर तीन निळसर रेघा, पाणी घातलेल्या दुधासारख्या. दोन थेंबांचं काम होतं. माझा हात आपोआप पिवळ्या बाटलीकडे गेला, मी तिचं झाकणही उघडलं. मग बंद केलं. परत उघडलं. शेवटी बाटली फळीवर सगळ्यात मागं ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली घालून पाटावर बसले. सगळं येत असताना पेपर कोरा ठेवून उठावं, तसं वाटत होतं. आपण बापाला उघडं पाडायला निघालोय, असंही वाटत होतं. पण रिक्षाही आठवत होती. चाळीस मिनिटं मी तशीच बसून राहिले.

अब्बा आले. रेघांवर वाकले, समाधानानं मान हलवली आणि त्यांनी पारदर्शक थर मारला.

दुसऱ्या दिवशी सर साडेनऊलाच आले, एकटेच. गाडी आम्ही उन्हात काढली. जानेवारीचं स्वच्छ ऊन होतं, लपायला जागा नाही असं. अब्बा दाराला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “बसा की सर. घ्या झडती.”

सर मागं बसले. चष्मा नीट केला. सीटवरून त्यांची नजर सावकाश फिरत गेली आणि एका जागी थांबली. मी नेमकी तिथंच बघत होते. त्यांना दिसलं. पापणी लवेपर्यंतच, पण दिसलं. मग त्यांनी वर अब्बांकडे पाहिलं. अब्बा हसत होते. सरांनी डोळे मिटले, उगाच इकडून तिकडं बोट फिरवलं आणि म्हणाले, “नाही बुवा सापडत, चांदसाब.”

अब्बांनी समोरच्या टपरीला हातानंच तीन चहा सांगितले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर पोरांची चित्रं परत करणारा माणूस, आणि नेमका आज त्याला मोठेपणा सुचला. आता दोनच वाटा होत्या. हसून चहा प्यायचा आणि पुढच्या गाडीपासून परत ती चाळीस मिनिटं सुरू करायची. नाहीतर तोंड उघडायचं.

मी म्हणाले, मला बसू द्या. अब्बांना ती गंमत वाटली. बस की, म्हणाले. सर उतरले, मी बसले आणि पहिल्याच रेघेवर बोट ठेवलं.

“हितं हाय.”

“चेष्टा नको. गिऱ्हाईक उभं हाय.”

“चेष्टा न्हाय, अब्बा. तीन रेघा हायत, तिन्ही निळ्या पडल्यात. तुमाला दिसत न्हायत.”

अब्बा वाकले. त्यांचा चेहरा माझ्या इतका जवळ आला, की डाव्या बुबुळातला पांढुरका ढग मला स्पष्ट दिसला. त्यांनी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही, लागणारच नव्हतं. मग ते सरळ उभे राहिले. घरात आम्ही दखनी बोलतो आणि अब्बा रागावले की माझ्याशी मराठी बोलतात. आता ते मला सोडून सरांकडे वळले.

“सर, तुमी खरं सांगा.”

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला. मग म्हणाले, “ती बरोबर सांगतेय. मला दिसलं होतं.”

मग सरांनीच पुढचं सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. घरी येऊन त्यांनी आपली अलीकडची चित्रं भिंतीला लावून पाहिली, तर हिप्परग्याच्या पाण्यावरचं सगळं आभाळ जांभळटनिळं झालेलं. तीन वर्षं ते तसंच रंगवत होते. त्या चित्रांचं प्रदर्शन झालं होतं, माणसं वा वा करून गेली होती. सर म्हणाले, “एकानंही सांगितलं नाही. प्रत्येकानं माझं मन राखलं. त्या सगळ्यांचा मला फार राग आला होता, चांदसाब. आणि आज मीही तेच करून बसलो.”

“म्हंजे ऑपरेशननंतर तुमाला बी निळं दिसलं?” अब्बांनी विचारलं.

सर म्हणाले, पहिला महिनाभर दिसलं. डोळ्यावरचा पिवळा पडदा निघाला, की निळा होता तेवढा दिसतो, नवीन काही येत नाही. महिनाभर थांबलं की मेंदू नव्या डोळ्याशी जुळवून घेतो. मडिवाळप्पांना हे कुणी सांगितलंच नसणार, हे माझ्या लक्षात आलं. अब्बांच्याही आलं असावं, कारण त्यांनी उस्तादांचं नाव पुटपुटलं आणि ते पायरीवर बसले.

चहा आला. कुणी उचलला नाही. अब्बा विचार करत होते आणि त्यांचा विचार कुठं पोचणार हे मला माहीत होतं. तो पोचलाच.

“रंग असा निघतोय तर मग बाकीच्या झडतीत कुणाला कसा न्हाय सापडला?”

इथं खोटं बोलता आलं असतं. हीच पहिली म्हणून सांगता आलं असतं. ज्या कामाला हात घातला ते अर्ध्यावर सोडायचं नाही, हे मला अब्बांनीच शिकवलं होतं, म्हणून मी सगळं सांगितलं. बकरी ईदपासून. ते नमाजाला गेले की मी काय करायचे ते. एकोणीस गाड्या.

“दुधनीच्या अडत्याची बी? लाल सीटवाली?”

त्या गाडीचा फोटो अब्बांच्या मोबाईलमध्ये होता. मशिदीत, लग्नात, सलूनमध्ये, भेटेल त्याला ते तो दाखवत. असा लाल मला उभ्या आयुष्यात जमला न्हवता, म्हणत.

“ती बी,” मी म्हणाले. “फिलर तुमचाच हाय, अब्बा. एकोणीसच्या एकोणीस गाड्यांत बोटाला कुणाला काय लागलं न्हाय. फक्त रंग माझा.”

अब्बा उठले आणि शेडमध्ये गेले. मला वाटलं, आता शटर ओढतील, घरी जातील आणि आठवडाभर माझ्याशी बोलणार नाहीत. सर माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग अब्बा बाहेर आले. एका हातात रंगाचा खोका, दुसऱ्या हातात पॉलिश पेपर. ते गाडीत गुडघे टेकून बसले आणि आपला कालचा रंग त्यांनी स्वतःच्या हातानं घासून काढला. पेपर इतका हलका चालवला, की खालच्या फिलरला धक्काही लागला नाही.

मग खोका माझ्यासमोर ठेवला. “मिसळ.”

मी झाकणात पांढरा घेतला, तपकिरीचा थेंब टाकला, ढवळलं. अब्बांनी झाकण सीटला लावून धरलं आणि विचारलं, आता कसा हाय? मी म्हणाले, अजून थंड आहे. पिवळ्याचा थेंब टाकला. आता? मी म्हणाले, जवळ आला, पण जरा हिरव्यावर जातोय. तांबड्याचं टोक बुडवलं. आता? आता लागला, मी म्हणाले. सरांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. अब्बांनी झाकण आधी उजव्या डोळ्यापुढं धरलं, मग डाव्या. कालच्या रंगाचं झाकण अजून धुतलं नव्हतं, तेही शेजारी धरून पाहिलं.

“दोन्ही एकच दिसतात मला,” ते म्हणाले.

सात महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा कबूल केलं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला फक्त त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. पण अब्बांना असलं चारचौघांत चालत नाही, म्हणून मी झाकण घट्ट धरून बसले.

त्यांनी सरांना विचारलं, ऑपरेशन कुठं केलं. सरांनी डॉक्टरांचा नंबर शोधून दिला. अब्बांनी तो मला फोनमध्ये घालायला सांगितला आणि सोमवारची वेळ घे म्हणाले. सोमवारी दुकान बंद असतं, एवढाच त्यांचा हिशेब. मग ते माझ्याकडे वळले, मराठीतच बोलले, पण त्यात राग नव्हता.

“नजर परत आली की त्या एकोणीस गाड्या मला परत दाखवायच्या. दुधनीची आधी.”

“कशाला, अब्बा? त्या तर तुमी बघितल्यात.”

“माझं काम म्हणून बघितल्यात,” अब्बा म्हणाले. “तुझं मी अजून कायच बघितलं न्हाय.”

मी रडले. सरांसमोर, टपरीवाल्यासमोर, विजापूर रोडच्या सगळ्या रहदारीसमोर रडले. अब्बांनी मला समजावलं नाही. त्यांनी स्पंज पाण्यात बुडवला, पिळला आणि माझ्या हातात दिला, कारण दहा वाजून गेले होते आणि ऊन असेपर्यंत तिन्ही हात मारून व्हायचे होते.